पाच-सहा मॉड्यूलचा प्रोजेक्ट: कोड गिटमधे, जार गोदामात आणि दोघांना बांधणारा नंबर

एप्रिलमधे सीझन ऐन भरात असताना देवगडच्या एखाद्या बागायतदाराचा फोन येतो, बिलात हमाली दोनदा लागतेय म्हणून, आणि तुम्ही लॅपटॉप उघडून बघता तर तुमच्याकडच्या कोडमधे ती चूक कुठेच दिसत नाही. मग शोधाशोध सुरू होते. त्यांच्याकडे कुठलं व्हर्जन चालू आहे, कोणी टाकलं, पेन ड्राइव्हवरून "फायनल नवीन २" नावाचं जे जार (जावा कोडमधून बनलेली तयार प्रोग्रॅमची फाइल) गेलं ते नक्की कुठल्या कोडमधून बनलं होतं. ह्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देता आलं पाहिजे. कोड गिटमधे, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या टूलमधे, तयार जार गोदामात, म्हणजे तयार फाइली ठेवायच्या सर्व्हरवर, आणि दोघांना जोडणारा एक नंबर: खाली जे काही सांगतोय ते सगळं त्या पाच मिनिटांसाठीच आहे.

उदाहरण म्हणून एक प्रोजेक्ट धरू. आंब्याच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर, त्यात सहा मॉड्यूल: कॉमन, पेटी-नोंद, बिलिंग, रिपोर्ट, सर्व्हर आणि अँड्रॉइड ॲप. जावा आणि मेव्हन (कोडमधून जार बनवणारं टूल) धरून बोलतो, तसंच दुसरं टूल म्हणजे ग्रेडल, त्या ग्रेडलवाल्यांसाठी मधे मधे सांगेन. टीम चार जणांची, एक कुडाळात, दोघं रत्नागिरीत, एक पुण्याला. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी ठरवा: एक रेपो की सहा

माझं सरळ मत, आठ-दहा माणसांपर्यंत एकच रेपो, म्हणजे गिटने सांभाळलेलं कोडचं एकच फोल्डर. कारण साधं आहे. पेटीत किती डझन आहेत ते फील्ड कॉमनमधे बदललं की बिलिंग, रिपोर्ट आणि सर्व्हर तिन्हीकडे हात लावावा लागतो, आणि एकच रेपो असेल तर हे सगळं एका कमिटमधे (गिटमधली बदलाची एक नोंद) बसतं, म्हणजे एकतर सगळं बदललं किंवा काहीच नाही. सहा रेपो असले की ह्याच बदलाच्या चार पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमधे घ्यायची विनंती) होतात, त्यातल्या दोन मर्ज होतात, दोन राहतात, आणि जो सकाळी पहिला पुल करतो, म्हणजे ताजा कोड उतरवतो, त्याची सकाळ जाते.

वेगळा रेपो करायचा तो दोनच कारणांनी. एक म्हणजे कोड बघायचा अधिकार वेगळा असेल, उदाहरणार्थ ॲप बाहेरच्या माणसाकडून करून घेताय आणि त्याला बिलिंगचा कोड दाखवायचा नाहीये. दुसरं म्हणजे ते मॉड्यूल खरोखरच दुसऱ्या प्रोजेक्टमधेही वापरलं जातंय आणि त्याची रिलीज वेगळ्या वेळी होते. "पुढेमागे वापरू" हे कारण नाही.

गिट सबमॉड्यूल बद्दल, म्हणजे एका रेपोच्या आत दुसरा रेपो ठेवण्याबद्दल, लोक विचारतात. ते वाईट नाहीये पण छोट्या टीमला झेपत नाही. बाहेरचा रेपो आतल्या रेपोचा फक्त एक कमिट नंबर धरून ठेवतो, तुम्ही आत बदल केला, बाहेर पुश केलं (सर्व्हरवर पाठवलं) आणि आतलं पुश करायचं राहिलं की बाकीच्यांना अस्तित्वातच नसलेला कमिट मिळतो. त्यापेक्षा वेगळ्या रेपोतून जार बनवा, गोदामात टाका आणि इकडे व्हर्जन नंबर देऊन वापरा.

फोल्डर आणि पॅरेंट पॉम

मुळाशी एक पॅरेंट पॉम (पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंगची फाइल), त्याचं पॅकेजिंग पॉम, त्यात मॉड्यूल्सची यादी, आणि त्याखाली प्रत्येक मॉड्यूलचं एक फोल्डर. मेव्हन त्या यादीचा क्रम शब्दशः पाळत नाही, कोण कोणावर अवलंबून आहे ते बघून रिॲक्टर (मॉड्यूल एकत्र बनवणारा मेव्हनचाच भाग) स्वतःच क्रम लावतो. ग्रेडलमधे हेच सेटिंग्ज फाइलमधल्या इन्क्लुडने होतं.

अवलंबून असण्याची दिशा एकच ठेवा. कॉमन कोणावरच नाही, पेटी-नोंद कॉमनवर, बिलिंग पेटी-नोंदवर, सर्व्हर सगळ्यांवर. बिलिंगला रिपोर्टमधला एक क्लास हवाय आणि रिपोर्टला बिलिंगमधला, असं झालं की मेव्हन बिल्डच करत नाही, सायक्लिक रेफरन्स म्हणून ओरडतो, आणि मग घाईत कोणीतरी तो क्लास कॉपी करून दोन्हीकडे ठेवतो. तसं करू नका, तो क्लास खाली कॉमनमधे ढकला. पण कॉमनमधे काहीही टाकायची सवयही बरी नाही, कारण कॉमन बदललं की सगळंच परत बनतं.

फोल्डरची नावं छोट्या इंग्रजी अक्षरात, मधे डॅश. विंडोजवर मोठं-छोटं अक्षर सारखंच धरतात, लिनक्सवर नाही, त्यामुळे तुमच्या मशीनवर चालणारी गोष्ट सर्व्हरवर फाइल सापडत नाही म्हणून पडते. लाइन एंडिंगचंही, म्हणजे ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणेचंही, तसंच. मुळाशी डॉट गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवा, त्यात सगळ्या टेक्स्ट फाइलना "टेक्स्ट=ऑटो" आणि शेल स्क्रिप्टना "ईओएल=एलएफ". नाहीतर विंडोजवरून गेलेली रॅपर स्क्रिप्ट (बिल्ड टूलचं ठरलेलं व्हर्जन आणून चालवणारी) लिनक्सवर विचित्र एरर देते आणि त्या एररवरून कारण काही कळत नाही.

बाहेरच्या लायब्ररींची व्हर्जन फक्त पॅरेंटच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंटमधे लिहा, मॉड्यूलच्या पॉममधे नुसतं नाव. ग्रेडलमधे त्यासाठी व्हर्जन कॅटलॉगची टॉमल फाइल आहे. आणि "लेटेस्ट" किंवा अधिक चिन्हवालं व्हर्जन कधीच नको, आज बनवलेलं आणि महिन्याने बनवलेलं वेगळं निघेल आणि तुम्ही एक ओळ न बदलता.

गिटमधे काय जातं, काय नाही

नियम एका वाक्यात: माणसाने लिहिलेलं गिटमधे, मशीनने बनवलेलं बाहेर. हापूसचं कलम बागेत असतं आणि पेटी गोदामात, कोणी पेट्या कलमाला टांगून ठेवत नाही.

म्हणजे टार्गेट फोल्डर, बिल्ड फोल्डर, क्लास फाइली, जार, एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल), नोड मॉड्यूल्स, एडिटरची फोल्डरं हे सगळं डॉट गिटइग्नोरमधे, म्हणजे गिटने काय सोडून द्यायचं त्या यादीत. अपवाद दोन, आणि हे बरेच जण चुकतात. ग्रेडल रॅपरचं छोटं जार गिटमधे ठेवायचं असतं, त्यामुळे सरसकट सगळी जार इग्नोर केलीत तर त्याच्यासाठी उद्गारचिन्हाची ओळ (हे मात्र इग्नोर करू नको असं सांगणारी) टाका. आणि लॉक फाइली, म्हणजे पॅकेज-लॉक वगैरे, मशीन बनवतं तरी त्या गिटमधेच, कारण नक्की कुठल्या लायब्ररीने बिल्ड झालं ते त्यातच लिहिलेलं असतं.

जार गिटमधे का नको? गिट टेक्स्टच्या दोन आवृत्त्यांमधला फरक छान दाबून ठेवतं, पण जार आधीच कॉम्प्रेस झालेली फाइल, तिच्यातला फरक काढून फारसा उपयोग होत नाही, म्हणून चाळीस एमबीचं जार दर आठवड्याला कमिट केलंत की रेपो दर आठवड्याला जवळपास तेवढाच फुगतो. आणि मग कोणीतरी गुहागरला घरी बसून मोबाइल हॉटस्पॉटवर क्लोन मारतो, म्हणजे इतिहासासकट पूर्ण रेपो उतरवतो. गिटहब (रेपो ठेवायची वेबसाइट) तर १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही.

आधीच टाकून बसला असाल तर "गिट आरएम -आर --कॅश्ड टार्गेट" मारा, फोल्डर डिस्कवर राहतं, गिटमधून जातं. पण जुन्या इतिहासात ते आहेच. इतिहासातून काढायला गिट-फिल्टर-रेपो नावाचं टूल आहे, मात्र त्याने सगळे कमिट नंबर बदलतात, त्यामुळे आधी सगळ्यांचं काम पुश करून घ्या, मग साफ करा, मग प्रत्येकाने नवीन क्लोन घ्यायचा. जुना क्लोन कोणाकडे राहिला आणि त्याने पुश केलं तर सगळी घाण परत येते.

पासवर्ड आणि ॲपची साइनिंग की-स्टोअर (ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली असलेली फाइल) गिटमधे नको. की-स्टोअर हरवूही नका, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवा.

व्हर्जन नंबर

सहा मॉड्यूलना सहा वेगळे नंबर देऊ नका. रिपोर्ट २.१, बिलिंग १.७, कॉमन ३.० असं झालं की कोण कोणाबरोबर चालतं ह्याची वही ठेवावी लागते. सगळ्यांना एकच नंबर, एखाद्या मॉड्यूलमधे काहीच बदललं नसलं तरी. दिसायला उधळपट्टी वाटते पण डोकं शांत राहतं.

मेव्हन ३.५.० पासून पॅरेंटमधे व्हर्जनच्या जागी "रिव्हिजन" हा व्हेरिएबल टाकता येतो आणि खरा नंबर बिल्डच्या वेळी बाहेरून देता येतो, त्यामुळे सात पॉम फाइलींत नंबर बदलत बसायला नको. फक्त त्याबरोबर फ्लॅटन प्लगइन लावायला विसरू नका. नाहीतर गोदामात जाणाऱ्या पॉममधे नंबराऐवजी तो व्हेरिएबल तसाच जातो आणि ते जार वापरणाऱ्याला पॅरेंट सापडत नाही.

स्नॅपशॉट म्हणजे चालू काम. त्याच नावाने उद्या वेगळं जार येऊ शकतं, आणि मेव्हन नवीन स्नॅपशॉट आलाय का ते दिवसातून एकदाच बघतं, लगेच हवं तर "-यू" लावा. गिऱ्हाइकाकडे स्नॅपशॉट जाता कामा नये. एकदाच टाकायचंय, टेस्टिंगपुरतं आहे, असं म्हणून सुद्धा नाही.

रिलीजला ॲनोटेटेड टॅग (त्या कमिटला दिलेलं कायमचं नाव) मारा, "गिट टॅग -ए व्ही१.४.०". टॅग नुसत्या पुशने जात नाही, तो वेगळा पुश करावा लागतो. आणि मारलेला टॅग हलवायचा नाही, चुकला तर १.४.१ करा, नंबर फुकट असतात.

सीझन आणि ब्रँच

इथे कोकणातल्या धंद्याचं कॅलेंडर खरंच कामाला येतं. मार्च ते मे ह्या काळात पॅकहाऊसवाल्याला नवीन काही नको असतं, चालू आहे ते चालू राहू दे एवढंच. आणि तुमचं काम तर थांबत नाही, पावसाळ्यानंतर काजूचं मॉड्यूल द्यायचंय, ते मेनवर, म्हणजे कोडच्या मुख्य ब्रँचवर (फांदीवर), चालूच आहे. म्हणून फेब्रुवारीत एक रिलीज ब्रँच काढा, रिलीज-१.४, आणि पूर्ण सीझनभर त्या ब्रँचवर फक्त दुरुस्त्या. १.४.०, १.४.१, १.४.२ असे टॅग त्याच ब्रँचवर.

दुरुस्ती आधी मेनवर करा आणि मग "गिट चेरी-पिक -एक्स" ने रिलीज ब्रँचवर आणा. उलटं करणारे लोक आहेत, पण उलटं केलं की घाईच्या दिवसात मेनवर आणायचं राहतं आणि पुढच्या सीझनला तीच हमाली परत दोनदा लागते. ते "-एक्स" लावलं की मूळ कमिटचा नंबर मेसेजमधे आपोआप लिहिला जातो, सहा महिन्यांनी बघताना तेवढी एक ओळ पुरते. मेनवरचा कोड फार पुढे गेला असेल आणि चेरी-पिक बसतच नसेल तर हाताने करा, पण मेसेजमधे मूळ कमिट लिहा.

बाकी फीचर ब्रँच दोन-तीन दिवसांच्या वर जगू देऊ नका. डेव्हलप, स्टेजिंग, प्री-प्रॉड असली ब्रँचांची उतरंड चार माणसांना कशाला हवी, मला तरी कळत नाही.

लोकल बिल्डमधला सापळा

हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार आहे म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही कॉमनमधे बदल केला, मग बिलिंगच्या फोल्डरमधे गेलात आणि तिथूनच मेव्हन चालवलं. आता मेव्हनला शेजारचं कॉमन दिसतच नाही, तो तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट एमटू मधून (मेव्हन आणलेली जार साठवतो ते फोल्डर) कॉमनचं जार उचलतो, जे कदाचित गेल्या आठवड्यात इन्स्टॉल केलेलं असेल. बिल्ड पास होतं. तुमचा बदल त्यात नाहीच. मग दुपारभर डीबगर लावून आपलीच ओळ का चालत नाही ते शोधत बसायचं.

म्हणून कमांड नेहमी मुळाच्या फोल्डरमधून: "एमव्हीएन -पीएल बिलिंग -एएम पॅकेज". पीएल म्हणजे हे मॉड्यूल, एएम म्हणजे ते ज्यांच्यावर अवलंबून आहे तेही बनव. कॉमन बदललंय आणि त्याने काय काय मोडतं ते बघायचंय तर "-पीएल कॉमन -एएमडी", म्हणजे कॉमनवर अवलंबून असलेले सगळे. मधेच रिपोर्टला बिल्ड पडलं तर दुरुस्त करून "-आरएफ :रिपोर्ट" ने तिथूनच पुढे, मात्र काही विचित्र वाटलं तर सरळ पहिल्यापासून.

शंका आली की डॉट एमटू मधलं फक्त आपल्या ग्रुपचं फोल्डर उडवा, पूर्ण डॉट एमटू नाही, नाहीतर अर्धं इंटरनेट परत डाउनलोड होईल. वर्किंग फोल्डर साफ करायला "गिट क्लीन -एक्सडीएन" ने आधी काय काय उडेल ते बघा आणि मगच एनच्या जागी एफ. एक्समुळे इग्नोर केलेल्या फाइलीही जातात, त्यात तुमची लोकल कॉन्फिग फाइल असू शकते.

गोदाम

जार, एपीके, इन्स्टॉलर ठेवायला एक रिपॉझिटरी मॅनेजर घ्या. ऑफिसात जुना पीसी असेल तर त्यावर नेक्सस चालतं, नाहीतर गिटलॅब किंवा गिटहबची पॅकेज रजिस्ट्री. नेक्ससमधे दोन होस्टेड रेपो (इथे रेपो म्हणजे जार ठेवायचा कप्पा, गिटचा नव्हे), एक स्नॅपशॉटचा, एक रिलीजचा. रिलीजच्या रेपोला "डिसेबल रीडिप्लॉय" लावलेलं असलंच पाहिजे, म्हणजे १.४.१ एकदा चढलं की त्याच नंबरने दुसरं जार चढवताच येत नाही. ही एक सेटिंग नसेल तर बाकीची शिस्त कागदावरच राहते, कारण घाईत माणूस तेच करतो.

तिसरा रेपो प्रॉक्सी, मेव्हन सेंट्रलचा, म्हणजे इंटरनेटवरच्या जावा लायब्ररींच्या भांडारातून आणलेलं साठवून ठेवणारा. आपल्याकडे हा चैनीचा भाग नाही. पावसात लाइन तुटली, नेट गेलं, तरी एकदा आणलेली लायब्ररी ऑफिसच्या आतूनच मिळते. तिन्ही मिळून एक ग्रुप करा आणि सगळ्यांच्या सेटिंग्ज फाइलमधे मिरर म्हणून तोच एक पत्ता द्या. घरून काम करणाऱ्याने नेट चांगलं असताना एक पूर्ण बिल्ड करून ठेवावं आणि मग "-ओ" लावून ऑफलाइन चालवावं. डिपेंडन्सी गो-ऑफलाइन नावाची कमांड आहे, पण ती सगळी प्लगइन आणतेच असं नाही.

त्या पीसीला यूपीएस लावा आणि बॅटरी संपायच्या आत तो स्वतःहून बंद होईल अशी सोय करा, अचानक लाइट गेली की आतला डेटाबेस बिघडू शकतो. बॅकअप घेताना डेटाबेस आणि ब्लॉब स्टोअर (खऱ्या फाइली असतात तो भाग) दोन्ही एकाच वेळचे घ्या, एकाशिवाय दुसरं निरुपयोगी. आणि बॅकअप त्याच इमारतीत नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली घेतली, तशा वेळी तळमजल्यावरचा पीसी आणि त्याच्याच ड्रॉवरमधली हार्ड डिस्क एकदमच जाणार. गिटचं निदान चौघांच्या लॅपटॉपवर चार क्लोन असतात, गोदामाची कॉपी आपसूक कुठेच नसते.

स्नॅपशॉट महिन्याने उडवणारी क्लीनअप पॉलिसी लावा. त्यानंतरही डिस्क रिकामी दिसत नसेल तर घाबरू नका, नेक्सस आधी फक्त खूण करून ठेवतं, खरी जागा कॉम्पॅक्ट ब्लॉब स्टोअरचं टास्क चालवल्यावर सुटते. गिऱ्हाइकाकडे गेलेलं रिलीज मात्र कधीच उडवू नका. ॲपच्या प्रत्येक रिलीजबरोबर मॅपिंगची टेक्स्ट फाइलही ठेवा, आर-एटने (ॲपचा कोड आटोपता करणारं अँड्रॉइडचं टूल) नावं लहान केलेली असतात, ती फाइल नसेल तर क्रॅश रिपोर्ट वाचताच येत नाही.

गिटहब ॲक्शन्समधे (गिटहबवर आपोआप बिल्ड करायची सोय) "आर्टिफॅक्ट" म्हणून जे अपलोड होतं ते गोदाम नव्हे. ते डिफॉल्टने ९० दिवसांत जातं.

शिक्का

आता दोन्ही टोकं बांधायची. प्रत्येक जारच्या आत तो कुठल्या कमिटमधून बनला ते लिहिलेलं असलं पाहिजे. मेव्हनसाठी गिट-कमिट-आयडी प्लगइन आहे, ते बिल्डच्या वेळी एक प्रॉपर्टीज फाइल बनवून जारमधे टाकतं. त्यात "गिट डिस्क्राइब" चा निकाल घ्या, तो असा दिसतो: व्ही१.४.०-७-जी३एफ२ए१बीसी. म्हणजे १.४.० च्या टॅगनंतरचा सातवा कमिट, आणि जी नंतर कमिटचा नंबर. शेवटी "डर्टी" आलं तर कमिट न केलेला बदल घेऊन कोणीतरी बनवलंय, ते जार गिऱ्हाइकाकडे जाऊ देऊ नका.

हा नंबर माहितीच्या स्क्रीनवर दाखवा आणि छापील बिलाच्या तळाला बारीक अक्षरात टाका. बागायतदाराला व्हर्जन विचारलंत तर तो "तुम्ही गेल्या वेळी दिलंत तेच" म्हणणार, पण बिलाच्या खालचा नंबर वाचून नक्की दाखवेल, किंवा सरळ बिलाचा फोटो व्हॉट्सॲप करेल.

रिलीज फक्त सीआयवरून (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारा सर्व्हर) बनू दे, कोणाच्याच लॅपटॉपवरून नाही. टॅग पुश झाला की सीआयने नवा क्लोन घ्यायचा, ठरलेल्या जेडीकेवर (जावाचा टूलसंच) रॅपरने बिल्ड, टेस्ट आणि गोदामात अपलोड. इथे एक बारीक खोच आहे. गिटहब ॲक्शन्सचं चेकआउट डिफॉल्टने फक्त शेवटचा एक कमिट आणतं, जुने टॅग येतच नाहीत, त्यामुळे टॅगच्या पुढच्या कमिटवर बिल्ड केलं की गिट डिस्क्राइब पडतं किंवा नुसता कमिट नंबर देतं. फेच-डेप्थ शून्य करा, म्हणजे पूर्ण इतिहास येतो.

पॅरेंट पॉममधे आउटपुट टाइमस्टँपची प्रॉपर्टी ठरावीक ठेवलीत आणि प्लगइन नवीन असतील तर त्याच टॅगवरून परत बनवलेलं जार बाइट-बाय-बाइट तेच निघू शकतं. शिक्क्याच्या फाइलीत बिल्डची वेळ लिहीत असाल तर ती काढा, नाहीतर तेवढ्यानेच फरक पडतो. मग दोन्ही जारचे शा-२५६ (फाइलवरून काढलेला ठसा) जुळवून बघायचे.

आधीच गुंता झालाय त्यांच्यासाठी

हे काम जून-जुलैत काढा, पॅकहाऊस बंद असतात, फोन कमी येतात. आधी इग्नोर आणि साफसफाई, मग गोदाम, मग शिक्का, आणि सहा रेपोंचा एक रेपो सगळ्यात शेवटी, कारण पहिल्या तिघांचा फायदा लगेच मिळतो आणि त्यात धोका कमी.

रेपो एकत्र करताना इतिहास टाकून देऊ नका. प्रत्येक जुन्या रेपोचा ताजा क्लोन घ्या, फिल्टर-रेपोच्या "--टू-सबडिरेक्टरी-फिल्टर" ने त्यातलं सगळं त्या मॉड्यूलच्या फोल्डरमधे ढकला, टॅग एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्याच टूलच्या टॅग-रिनेमने त्यांना मॉड्यूलचं नाव लावा, आणि मग नव्या रेपोत "--अलाऊ-अनरिलेटेड-हिस्टरीज" लावून एकेक मर्ज करा. कॉमन पहिलं, सर्व्हर शेवटी, आणि प्रत्येक मर्जनंतर पूर्ण बिल्ड. जुने रेपो डिलीट न करता आर्काइव्ह करा, म्हणजे वाचता येतात पण पुश होत नाही, कारण गिऱ्हाइकांकडे असलेल्या जुन्या जारवर त्या रेपोंचेच कमिट नंबर आहेत आणि फिल्टर-रेपोने ते नव्या रेपोत बदललेले असतात.